कुलूप लावलं, आता पहारा कशाला?

डेटाच्या गोपनीयतेचं काम करणाऱ्यांना एक तक्रार सगळीकडे ऐकावी लागते: ‘‘संमतीची चौकट टाकली, ऑडिट झालं, नावंही काढून टाकली. आता पुन्हा पुन्हा कसली तपासणी?’’ तक्रार वरकरणी रास्त आहे. तिजोरीला एकदा भक्कम कुलूप लावलं की रोज उठून दागिने कोण मोजतो?

पण दागिना तिजोरीत पडून राहिला म्हणून घातक होत नाही; माहिती होते. तिचं एक अक्षरही न बदलता होते, कारण भोवतालचं बाकी सगळं बदलत असतं.

आधी ‘नावं काढली’ या समाधानाकडे पाहू. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावं-पत्ते गाळून संशोधकांना खुल्या केल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी गोपनीयतेची हमी दिली. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड ताडून खुद्द वेल्ड यांच्याच नोंदी हुडकल्या. दोन्ही याद्या आपापल्या जागी निरुपद्रवी होत्या. शेजारी मांडल्या आणि हमी गळून पडली. उद्या कोणती यादी शेजारी येऊन बसेल, हे आजच्या ऑडिटला कसं कळणार?

दुसरा युक्तिवाद ‘मला लपवायचंय काय?’ हा. नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदणीत माणसाचा धर्मही लिहिलेला असे. लिहून देणाऱ्यांनाही काही लपवायचं नव्हतं. 1940 मध्ये जर्मनांनी देश व्यापला आणि तीच नीटनेटकी कार्डं ज्यूंना शोधून काढायला कामी आली. मार्च 1943 मध्ये प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवून दिलं, तरी बहुतेक कार्डं वाचलीच. नोंदी त्याच होत्या, मालक बदलला होता.

राहिला ‘कायदा आहे ना?’ हा प्रश्न. आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. सुरक्षेत कुचराई केली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण हाच कायदा सांगतो की हेतू संपला की माहिती पुसा. हेतू संपला हे कुणीतरी पाहिल्याशिवाय कळायचं कसं? म्हणजे पहारा कायद्यातच आहे.

आपल्या सोसायटीच्या गेटवरची वही आठवा. दोरीनं बांधलेलं पेन, उघडं पान, आणि त्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावं, मोबाइल, कुणाकडे आले तो फ्लॅट; पुढचा पाहुणा सही करता करता सगळं वाचतो. भरलेली वही कुठे जाते? बहुधा रद्दीत, किलोच्या भावानं. वहीच्या जागी ॲप आलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ॲपला रद्दीसुद्धा नसते.

एक गोष्ट मात्र विरोधकांची खरी. तपासणी म्हणजे दरमहा त्याच रकान्यांत त्याच बरोबरच्या खुणा असेल, तर ती बंदच करावी. खरा पहारा कमी माहिती घेण्यात आणि लागत नसलेली पुसण्यात आहे. जे साठवलंच नाही ते फुटत नाही. तेव्हा पुढच्या ऑडिटवर ‘सर्व ठीक’ असा शेरा आला, तर वर्षभरात काय काय पुसलं, एवढंच विचारा.