कंपवाताची पहिली खूण

कंपवात म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीचे वर्णन केले, तेही कंपावरूनच. परंतु हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी पुष्कळ रुग्णांचे घ्राणेंद्रिय मंदावलेले असते. आणि फोडणीतला हिंग जाणवत नाही, ही तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जातो कोण?

किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या मज्जातंतूंची घट दाखविणाऱ्या चित्रणाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. ते महाग आहे. म्हणून आधी वासाची स्वस्त चाचणी आणि तीत उणे ठरतील त्यांचेच चित्रण, हा तेथील संशोधकांचा क्रम अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तरी पटण्याजोगा आहे. अडचण निराळीच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या ४० वासांच्या प्रसिद्ध चाचणीत रूट बीअर आहे, विंटरग्रीन आहे. आपल्याकडील निवृत्त कारकुनाला ते ओळखता आले नाहीत, तर दोष नाकाचा की प्रश्नपत्रिकेचा? शिवाय सर्दी, धूम्रपान आणि वार्धक्य यांनीही गंध हरपतो.

रोगाची गती रोखणारे सिद्ध औषध अद्याप नाही. मग आधी कळून उपयोग काय, असे कोणी विचारील. असे औषध पारखावयाचे, तर मज्जातंतूंची फार हानी होण्यापूर्वीचे रुग्णच सापडावयास हवेत. कंप दिसेपर्यंत ती बरीचशी होऊन गेलेली असते.