गाडीतला दुसरा माणूस

१०८ क्रमांक लावला की जी रुग्णवाहिका येते तिच्यात डॉक्टर असतो, हे महाराष्ट्राचे वैशिष्ट्य २०१४ पासून आपण अभिमानाने सांगत आलो आहो. आणि या सेवेच्या मूळ ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक व ७०४ प्राथमिक जीवनरक्षक, अशी प्रतवारीही सरकारी दप्तरात चोख नोंदलेली होती. ही प्रतवारी गाड्यांची झाली. त्यांत बसणाऱ्या माणसांच्या तालमीची व अधिकाराची प्रतवारी मात्र अद्याप धूसरच आहे.

हृदय बंद पडलेला रुग्ण मागे आडवा आहे, चालकाचे (ज्यास या सेवेत ‘पायलट’ असा भारदस्त हुद्दा आहे) दोन्ही हात स्टिअरिंगवर गुंतलेले आहेत, आणि एकटा डॉक्टर, बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर, तीस वेळा छाती दाबून, डोक्याकडे सरकून, मास्क बसवून पिशवीने दोन श्वास देऊन पुन्हा छातीकडे येतो आहे. वळणावर गाडी कलली की त्याला वरची दांडी धरावी लागते आणि तेवढा वेळ छाती दाबणे थांबते. त्याने शीर केव्हा शोधावी, आणि पुढच्या रुग्णालयास वर्दी केव्हा द्यावी? पदवी कितीही मोठी असली तरी हात दोनच असतात.

अमेरिकेत या कामाच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: घटनास्थळी प्रथम पोचणारा प्रतिसादक, त्यावर तंत्रज्ञ, मग प्रगत तंत्रज्ञ आणि शेवटी पॅरामेडिक. तंत्रज्ञास सुमारे दीडशे तासांचे शिक्षण पुरते, तर श्वासनलिकेत नळी घालण्याची व शिरेवाटे अनेक औषधे देण्याची मुखत्यारी ज्यास मिळते त्या पॅरामेडिकला हजाराहून अधिक तास शिकावे लागते. तेथील सारेच येथे आणावे असे आमचे म्हणणे नाही. पण कोणी काय करावे आणि कशास हात लावू नये हे आधी लिहून ठेवण्याची शिस्त घेण्यास हरकत कसली?

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा व्यवसाय सहयोगी आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने मान्य केलेला आहेच. तेव्हा अशा सनदी तंत्रज्ञाची नेमणूक डॉक्टरच्या जोडीला व्हावी, आणि तिचा आरंभ रुग्णालये दूर असलेल्या घाटमाथ्याच्या व आदिवासी तालुक्यांपासून करावा, अशी आमची सूचना आहे. खर्च वाढेल, हे उघड आहे. आणि चालकास पायलट म्हणावयाचेच असेल, तर मानेचा पट्टा बांधणे व जखमीस पाठीचा कणा न वळवता फळीवर घेणे यांची तालीम त्याच्या करारनाम्यात लेखी असावी.