रोजा नसतानाचा उपवास

रमजानमध्ये आपल्या घरांत पहाटे चारला चूल पेटते. दिवसभर उपाशी राहायचे आहे हे माहीत असते, म्हणून सहरीला पोटात काय जावे याचा विचार आदल्या रात्रीच झालेला असतो. उरलेल्या अकरा महिन्यांत त्याच घरातली कॉलेजची पोरे चहा-बिस्किटावर सकाळची लोकल पकडतात आणि दुपारी दोनपर्यंत नीट काही खात नाहीत. या उपवासाचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली मुले-मुली आज मुंब्रा, दिवा, कल्याणहून ठाण्या-डोंबिवलीच्या कॉलेजांत जातात. सकाळी सातचे लेक्चर, मग प्रॅक्टिकल, दुपारी एखाद्या दुकानात काम, संध्याकाळी क्लास. भेटली की विचारतो, जेवलात का? उत्तर ठरलेले, "सर, स्टेशनवर वडापाव खाल्ला."

वडापावशी माझे वैर नाही. पण मैदा, बटाटा आणि तेल भूक मारतात, अंग भरत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. रोजच्या वडापाव-समोशावर हा आकडा गाठता येत नाही.

यावर पालक म्हणतात, पौष्टिक खाणे आम्हाला परवडत नाही. कारण पौष्टिक म्हटले की बदाम आणि प्रोटीन पावडरचा डबा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात एका वडापावच्या पैशांत साधारण दोन बैदे येतात आणि त्यांतून बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम असतात. मसूर भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत शिजते. डाळ आणि भात एकत्र खाल्ले की एकातली उणीव दुसरा भरून काढतो. कोकणी घरातला सुका जवला आणि बाजारातली कलेजी यांना आपण गरिबाचे खाणे समजतो, पण प्रथिने आणि लोह यांत ते कुणाला हार जाणारे नाहीत. डाळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. यातले काहीच महाग नाही.

मग अडते कुठे? पहिली अडचण घरातच आहे. डबा म्हणजे अम्मीचे काम, असे आपण ठरवून टाकले आहे. पाचला उठणाऱ्या त्या बाईने आणखी किती लवकर उठावे? वीस वर्षांच्या मुलाला दोन बैदे उकडता आले पाहिजेत, रात्री चणे भिजत घालता आले पाहिजेत. मुलींचे दुखणे वेगळे. त्या शेवटी जेवतात आणि उरलेले जेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात आपल्याही मुली आहेत. सालनातली बोटी आधी भावाच्या ताटात जाते, तिथूनच हे सुरू होते.

दुसरी अडचण दाराबाहेर आहे. डबा नेला तरी तो उघडायचा कुठे आणि कधी? अनेक वेळापत्रकांत जेवणाची सुट्टी नावालाच असते. शिवाय खिम्याचा किंवा सुक्या मासळीचा डबा वर्गात उघडायला आपली मुले कचरतात, वासावरून कुणी काही बोलेल या धास्तीने. मग डबा बंदच परत येतो. हा संकोच मोडायचे काम शिक्षकांचे आहे. शिक्षक मुलांसोबत बसून जेवले तर अर्धे काम होते.

तिसरी अडचण धोरणाची. शाळेतल्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. नववीपासून सरकारच्या लेखी त्याची भूक संपते. आठवीपर्यंतच्या ताटातही काटछाट होतेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे मंजूर केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. कॉलेजांच्या वाट्याला तर फक्त पत्रके आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ आणि २०१८ मध्ये कॅम्पसवर जंक फूड नको असे कळवले. बंदीने पोट भरत नाही. त्याजागी काय मिळणार, हे कुणीतरी ठरवायला हवे.

याच महाराष्ट्राने शिक्षण आणि जेवण हा एकच प्रश्न मानला होता. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. त्यांची चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. आजचा विद्यार्थी वसतिगृहात राहत नाही, तो लोकलमध्ये राहतो. म्हणून त्याची भूक दिसत नाही.

मागणी मोठी नाही. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण. तशी केंद्रे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मोठ्या कॉलेजांच्या आवारात का नकोत? ज्याला हवे त्याला वर पैसे देऊन उकडलेला बैदा मिळावा. वेळापत्रकात वीस मिनिटांची खरी सुट्टी असावी. आणि आपल्या वस्त्यांतल्या ज्या संस्था दरवर्षी गुणवंतांना ट्रॉफ्या वाटतात, त्यांनी एक वर्ष त्याच पैशांत कॉलेजच्या मुलांसाठी सकाळच्या नाश्त्याची सोय करावी. ट्रॉफी शोकेसमध्ये राहते. सातच्या लेक्चरला बसायला पोटात काहीतरी लागते.