हौसेची सायकल, पोटाची सायकल

दर ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, आपल्याकडे सायकलीचे तोंडभरून कौतुक होते. पुढारी झेंडा दाखवतात, फेरी निघते, टी-शर्ट वाटले जातात आणि प्रदूषण, इंधनबचत, हृदयाचे आरोग्य यांवर भाषणे होतात. फेरीतल्या सायकली गिअरच्या, हलक्या आणि महाग असतात. त्याच सकाळी, त्याच रस्त्याच्या कडेने आणखी एक सायकल जात असते. ती काळी, चोवीस इंची, खुळखुळत्या मडगार्डची असते आणि तिच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने जेवणाचा डबा आवळलेला असतो. स्वार रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन असेल, एमआयडीसीतला हेल्पर असेल, बांधकामावरचा बिगारी असेल. त्याला हृदयाच्या आरोग्यासाठी वेगळा व्यायाम नको आहे. दिवसाचे बसभाडे वाचते म्हणून तो पायडल मारतो. आपल्याकडची सायकलविषयक सगळी आखणी पहिल्या सायकलीकडे बघून होते, आणि म्हणूनच ती फसते. सायकलीचा विषय पर्यावरण आणि आरोग्य या सदरात टाकला की तो हौसेचा होतो, आणि हौसेला उरलेली जागा दिली तरी चालते. खरे तर हा सार्वजनिक जमिनीच्या वाटपाचा आणि रस्त्यावरचा धोका कुणी अंगावर घ्यायचा याचा प्रश्न आहे.

दुसऱ्या सायकलीचे स्वार मूठभर आहेत, असे कुणी समजू नये. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणारे लोक कामावर कसे जातात, हे २०११च्या जनगणनेने विचारले. असे कामकरी देशात सुमारे २० कोटी होते. त्यांतले साडेचार कोटी पायी जात होते, २ कोटी ६० लाखांहून अधिक सायकलवर, तर कार, जीप किंवा व्हॅनने जाणारे होते जेमतेम ५४ लाख. आकडे जुने आहेत, मधल्या काळात मोटारसायकली फोफावल्या, हे मान्य. तरीही एका कारवाल्यामागे पाच सायकलवाले असलेल्या देशाने रस्ते कुणासाठी बांधले, हे बघायला डोळे पुरेसे आहेत. त्याची किंमत कोण मोजते, ते केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अपघात अहवालात सापडते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी, ४,८३६ सायकलस्वार आणि ७४,८९७ दुचाकीवरचे होते. म्हणजे दर तीन मृतांमागे दोघांच्या भोवती पत्र्याची पेटीसुद्धा नव्हती. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण गेले. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपलाच क्रमांक. देशभरात पायी आणि सायकलवर मेलेल्यांची बेरीज केली तर रोजचे शंभरावर पडतात. तेवढी माणसे एखाद्या विमानात असती तर रोज मंत्र्याचा राजीनामा मागितला गेला असता.

यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे सायकल ट्रॅक. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात हा प्रयोग पुरेसा झाला आहे. २००६च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने सायकल ट्रॅक आले. २०१७ साली महापालिकेने ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यावर आल्या. त्या पुरवणाऱ्या कंपन्या थोड्याच काळात गाशा गुंडाळून गेल्या. ट्रॅकचे म्हणाल तर असा एखादा ट्रॅक शेवटपर्यंत जाऊन बघावा. सुरुवातीलाच दुचाकी घुसू नयेत म्हणून लावलेले खांब असतात, त्यांतून सायकलीचे हँडल निघत नाही, दुचाकी मात्र बाजूच्या मोडक्या कठड्यावरून आत येतात. पुढे पेव्हर ब्लॉक उचकटलेले, मग वर आलेले ड्रेनेजचे झाकण, मग महावितरणची डीपी, मग झाडाचे आळे, मग भुर्जीची गाडी आणि तिच्यासमोर लावलेल्या सात-आठ स्कूटर. हे सगळे चुकवत चौकापर्यंत पोचावे, तर जिथे खरा धोका सुरू होतो नेमक्या तिथेच ट्रॅक संपतो. दोष कंत्राटदाराचा असतोच, पण मूळ आधी आखणीत असते. मोटारींच्या मार्गिका ठरल्या, पार्किंग ठरले, आणि मग पदपथातून जे काही कापता आले ते सायकलीला मिळाले. पायी चालणाऱ्याच्या ताटातले काढून सायकलवाल्याला वाढायचे आणि मोटारीच्या ताटाला हात लावायचा नाही, असा हा न्याय आहे.

सायकलवाल्याचा जीव ट्रॅकपेक्षा शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या वेगावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले विज्ञान आहे. ताशी ३० किलोमीटरने बसलेल्या धडकेतून माणूस बहुधा वाचतो. ६०ने बसली तर वाचणे नशिबाचे. तरीही केंद्राने २०१८मध्ये काढलेल्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारसाठी कमाल वेग ७० आणि दुचाकींसाठी ६० ठेवला. राज्यांना तो कमी करता येतो, आणि काही रस्त्यांवर तसे फलकही आहेत, पण डांबरीकरण गुळगुळीत, वळण रुंद आणि चौक मोकळा असेल तर फलक वाचतो कोण? २०२२च्या त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या पुढे अतिवेग हे कारण लिहिले आहे. यावर हमखास येणारा शेरा असा की सायकलवालेच नियम पाळत नाहीत, उलट्या दिशेने येतात. येतात, हे खरे आहे. पण दुभाजक कुठे फोडायचा हे ठरवताना सायकल कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, हेही खरे आहे. समोरच्या गल्लीत जायला एक किलोमीटर पुढे जाऊन वळसा घ्या, हे मोटारीला दोन मिनिटांचे काम आहे. दहा तास उभे राहून घरी निघालेल्याला ते जाऊन-येऊन दोन किलोमीटरचे जादा पायडल आहे. तो चुकतोच, आणि चुकीची शिक्षा त्याला जागच्या जागी मिळते. मोटारवाल्याची चूकही बऱ्याचदा तोच भोगतो. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

आता जागेचा हिशेब. वाहतूक अभियंते रस्त्यावरची गर्दी ‘पॅसेंजर कार युनिट’मध्ये, म्हणजे किती कारइतकी वाहने गेली अशा मापाने मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या तक्त्यांनुसार बस साधारण तीन कारइतकी आणि सायकल सुमारे अर्ध्या कारइतकी धरतात. हे माप वाहन रस्ता किती अडवते ते सांगते. त्यातून माणसे किती गेली, हे सांगत नाही. साठ माणसांची बस तीन कारइतका अडथळा, आणि एकेकटा चालक बसलेल्या तीन कारही तेवढ्याच! केंद्राच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६मध्येच वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्या असे लिहून ठेवले, पण पालिकांच्या फायली अजून वाहने मोजतात. उभी कार तर याहून खर्चिक. पार्किंगच्या एका चौकटीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे जवळपास १३५ चौरस फूट जागा लागते. चाळीतली दहा बाय दहाची खोली याहून लहान असते, आणि तिचे भाडे द्यावे लागते. भररस्त्यातली ही चौकट बहुतेक ठिकाणी फुकट आहे. पुण्यात २०१८ साली पे-पार्किंगचे धोरण आले तेव्हा एवढा गदारोळ झाला की ते पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरते आकसले. दिल्लीत तर रस्त्याच्या वाटपाचा वाद कोर्टात गेला. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या बीआरटी मार्गावर २००८पासून बसला मधली मार्गिका आणि सायकलीला वेगळी वाट होती. कारवाल्यांचा खोळंबा होतो, त्यांचा वेळ मोलाचा आहे, अशा आशयाची याचिका दाखल झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२मध्ये ती फेटाळली. पण न्यायालयाने राखलेले राजकारणाने उखडले. २०१६मध्ये तो मार्ग मोडला, आणि मोडणारे सरकार सामान्य माणसाचे नाव घेऊन निवडून आलेले होते.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप कराचा असतो. मोटारवाला रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो. सायकलवाला काय भरतो? हा आक्षेप घेणाऱ्यांना कदाचित आठवत नसेल, पण एके काळी आपल्या अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, डबलसीट दिसले तर पोलीस सायकल अडवत. तेव्हा सायकलवाला कर भरत होता म्हणून त्याला रस्ता मिळाला, असे काही झाले नाही. तसाही वाहनकर राज्याच्या तिजोरीत जातो आणि इंधनावरचा कर केंद्र व राज्य घेतात. शहरातले रस्ते प्रामुख्याने पालिकेच्या पैशातून होतात, आणि त्यातला मिळकतकर झोपडपट्टीलगतच्या खोलीचा भाडेकरूही भाड्यातून भरत असतो. उरला जीएसटी. तिथली गंमत अशी की २०१९पासून विजेवर चालणाऱ्या कारवर ५ टक्के जीएसटी होता आणि साध्या सायकलीवर १२ टक्के. सप्टेंबर २०२५मध्ये सायकलीचा दर ५ टक्क्यांवर आला. सहा वर्षे पंचवीस लाखांच्या कारपेक्षा पाच हजारांच्या सायकलीवर कराचा दर दुपटीहून जास्त होता, आणि त्यावर कुठे मोर्चा निघाला नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. महाराष्ट्रातला सामान्य माणूस आज सायकलवर कमी आणि मोटारसायकलवर जास्त आहे. मग वेग कमी करा, पार्किंगला पैसे लावा म्हणणे हा हप्ते फेडणाऱ्या डिलिव्हरी बॉयवरच वरवंटा नाही का? याला दोन उत्तरे आहेत. एक, रस्त्यावर सगळ्यांत जास्त मरतो तो हाच, त्यामुळे वेग आवरल्याचा सर्वांत मोठा लाभही त्यालाच. दुसरे, त्याने मोटारसायकल हौसेने घेतलेली नसते. बस वेळेवर येत नाही आणि आली तर महाग पडते. २०२५ साली मुंबईची बेस्ट आणि पुण्याची पीएमपी या दोन्हींचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले. बस परवडत नाही आणि सायकलला रस्ता नाही, तेव्हा माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. शिवाय मोठा पैसा जिथे ओतला जातो तिथे त्यालाही मज्जावच आहे. मुंबईचा सागरी किनारा मार्ग महापालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक खर्च करून बांधला. त्यावर टोल नाही, आणि दुचाकी, रिक्षा, सायकल यांना प्रवेशही नाही. वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि अटल सेतूवरही दुचाकी चालत नाही. सागरी किनारा मार्गालगतच्या विहारपथावर सायकल ट्रॅक मात्र आहे, समुद्राची हवा खात फिरायला. हौसेच्या सायकलीला कठड्याशी जागा, पोटाच्या सायकलीला बंदी.

सायकल आता चालवतो कोण, असे विचारणाऱ्यांनी शाळांकडे बघावे. बिहारने २००६मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले आणि मुला-मुलींतली तफावत ४० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि ती सरकारची चांगली योजना आहे. पण सायकल देणारे खाते वेगळे आणि रस्ता करणारे वेगळे. गावावरून जाणारा रस्ता चौपदरी होतो, शाळा पलीकडे राहते, सेवारस्ता कागदावर असतो. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या डंपरसमोरून तेरा वर्षांच्या मुलीने सायकल हातात धरून पलीकडे जायचे. मग पालक सायकल घराच्या भिंतीला टेकवून ठेवतात आणि मुलगी आठवीनंतर घरी बसते, तर त्यात नवल काय? उन्हा-पावसात सायकल कोण चालवणार, हा आक्षेप यापुढे फारच किरकोळ आहे. ज्यांना पर्याय नाही ते मे महिन्यातही सायकल चालवतातच.

सुधारणेला फार खर्च लागतो असेही नाही. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३०ची मर्यादा, आणि ती फलकापुरती न ठेवता उंच केलेले क्रॉसिंग आणि आवळलेली वळणे यांनी पाळायला लावणे. चौकात डावीकडचे सतत खुले वळण बंद करणे. पार्किंगचे पैसे घेऊन ते बसगाड्यांसाठी वापरणे. महामार्गाला सेवारस्ता आणि ओलांडायची सोय झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला न देणे. यातल्या बऱ्याच गोष्टींना कायद्याचा आधारही आता आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३८ (१ अ) नुसार पादचारी आणि विनामोटार वाहनांसाठी राज्याला नियम करता येतात. हे नियम सहा महिन्यांत करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये राज्यांना सांगितले. असे नियम करताना मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्यांसाठी मुदत असते. रात्रपाळीच्या वॉचमनला ती जाहिरात दिसण्याची आणि त्याने मुदतीत हरकत लिहून धाडण्याची शक्यता किती, हे सांगायला नको. जाहिरात छापलेले वर्तमानपत्र मात्र बऱ्याच गल्ल्यांत अजूनही, पहाटे साडेपाचला, सायकलवरूनच येते.