उमेदवारीचे बंद दार

मुंबईच्या नळांना जे पाणी येते, त्यातील मोठा वाटा वैतरणेचा आहे. आणि त्या नदीवरील मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात उभे आहे. त्याच मोखाड्यातील कित्येक पाड्यांवर मात्र वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते! १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणाने तीच जखम पुन्हा उघडी केली. अशा प्रदेशाच्या वतीने विधानसभेत कोणी बोलावे, हा प्रश्न म्हणून केवळ तेथील आदिवासी बांधवांचा नाही. तेथले पाणी पिणाऱ्या नागरिकांचाही आहे.

जव्हार, मोखाडा व विक्रमगड हे तालुके अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या विक्रमगड मतदारसंघात मोडतात. २०१४ साली येथून भारतीय जनता पक्षाचे विष्णू सवरा निवडून आले आणि आदिवासी विकासमंत्री झाले. २०१९ साली पक्षाने त्यांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा यांना उभे केले. डॉक्टर सुशिक्षित, अस्थिरोगतज्ज्ञ. परंतु विधानसभेच्या रिंगणात नवखे. पक्षाची राज्यात सत्ता होती, पित्याचे नाव पाठीशी होते. तरीही राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुनील भुसारा यांनी त्यांचा वीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. पराभवाची कारणे अनेक असतील. पण जागा ही वडिलोपार्जित मिळकत नव्हे, एवढे तरी या मतदारांनी निःसंशय बजावले.

त्याआधी वर्षभर असेच एक नाट्य पालघर लोकसभा मतदारसंघात घडले होते. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर २०१८ साली झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा यांना शिवसेनेने उमेदवारी दिली, तर पित्याच्या पक्षाने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावित यांना. नवखे वनगा २९ हजार ५७२ मतांनी हरले.

पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. वनगा २०१९ साली पालघरचे आमदार झाले. डॉ. सवरा २०२४ साली लोकसभेवर एक लाख ८३ हजारांच्या मताधिक्याने गेले. पराभवातून माणूस शिकतो, आणि त्याला दुसरी संधी मिळावी, याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे. ज्यांच्या घराण्यात खासदारकी वा मंत्रिपद नव्हते, त्यांना पहिली संधी तरी कोठे मिळते? आणि दुसऱ्या संधीचे देणेही शाश्वत नाही. त्याच वनगांची उमेदवारी २०२४ साली कापली गेली व ती गावितांना मिळाली. देणारा हात वरचा, काढून घेणारा हातही वरचाच. पालघरच्या सामान्य पक्षसभासदाला ना देताना विचारले, ना घेताना!

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी हा अधिकार पुढाऱ्यांच्या बैठकीतून काढून मतपेटीत आणला. तेथेही नवखे उमेदवार या प्राथमिक लढतीत बहुधा हरतात. पण ते लोकांसमोर हरतात, आणि आपण कोठे उणे पडलो हे त्यांना कळते. आपल्याकडे काँग्रेसने २०१४ साली हा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा व लातूर येथे पक्षांतर्गत मतदान झाले. वर्ध्याला चारुलता टोकस हरल्या, सागर मेघे जिंकले. पण टोकस प्रभा राव यांच्या कन्या, आणि मेघे दत्ता मेघे यांचे पुत्र! दोन्ही मतदारसंघांत प्रत्यक्ष निवडणुकीत पक्ष पराभूत झाला आणि त्याबरोबर प्रयोगही गुंडाळला गेला. एका पावसात पीक आले नाही म्हणून नांगरच मोडून टाकण्याचा हा प्रकार होय.

‘निवडून येण्याची क्षमता’ पाहावी लागते, असे पक्षधुरीण सांगतात. परंतु २०१८ व २०१९ चे निकाल पाहता ही क्षमता मुंबई-दिल्लीच्या बैठकांना तरी अचूक ओळखता येते काय? १९९६ च्या पेसा कायद्याने जव्हार-मोखाड्याच्या ग्रामसभांना गौण वनोपज व गावच्या साधनसंपत्तीविषयी महत्त्वाचे अधिकार दिले. जंगलाचा विचार करण्यास जे लोक समर्थ ठरले, ते आपल्या पक्षाचा उमेदवार सुचविण्यास असमर्थ कसे?

कायद्याच्या बडग्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिल्यास तिच्या निवडीची कारणे जाहीर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्षांना दिला. हीच शिस्त पक्षांनी स्वेच्छेने प्रत्येक उमेदवाराला का लावू नये? निदान राखीव मतदारसंघांत इच्छुकांची नावे आधी प्रसिद्ध व्हावीत, तालुक्याच्या ठिकाणी सभासदांपुढे त्यांची भाषणे व्हावीत आणि गुप्त मतदानाने कौल घ्यावा. त्यात एखादी अंगणवाडीसेविका किंवा पाड्यावरचा शिक्षक पराभूत झाला तरी चालेल. टँकर, दवाखाना आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर यांविषयी त्याने मांडलेले म्हणणे विजयी उमेदवाराला ऐकावे तरी लागेल.

मतदानाचे दार संविधानाने सर्वांना उघडून दिले आहे. उमेदवारीचे दार मात्र आजही आतून बंद आहे, आणि त्याची कडी पक्षांच्या हाती आहे. ती त्यांनी आपणहून काढावी. लोकांना दार ठोठावण्याची वेळ आणू नये.