फिरायला जाणं हाही हक्कच आहे, पण पूल कुणाच्या भरवशावर?

नवा पूल झाला की सहकुटुंब तो पाहायला जाणं ही आता जत्राच झाली आहे. हुडकेश्वर, नरसाळा, मानेवाडा भागातल्या आपल्या वस्त्यांमधूनही रविवारी लेकरांना घेऊन माणसं निघतात, पुलावरून पायी फिरतात, फोटो काढतात, फल्ली खातात आणि परत येतात. यावर चळवळीतलेच काही कार्यकर्ते नाक मुरडतात. समाजापुढे इतके प्रश्न असताना फिरायला कसले जाता, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते मान्य नाही.

ज्यांच्या पणजोबांना गावच्या रस्त्यावरून मोकळेपणी चालता येत नव्हतं, त्यांच्या लेकरांनी पुलावर हुंदडावं ही किरकोळ गोष्ट नाही. १९२४ साली केरळात वैकमचा सत्याग्रह झाला, तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून. चवदार तळं बोले ठरावानंतर कागदावर खुलं झालंच होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथे चालत जावं लागलं. संविधानाचं कलम १५(२) आपल्याला पाठ असतं, पण आपण त्यातल्या विहिरी आणि तलावांपाशीच थांबतो. त्याच कलमात रस्ते आहेत आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही आहेत. म्हणजे रविवारची सहल समतेच्या कलमातच बसते. नाक मुरडणाऱ्यांनी ते पुन्हा एकदा वाचावं.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या पुलावर आपण लेकरं घेऊन चढतो, तो तपासला कुणी?

गुजरातमधल्या मोरबीत मच्छू नदीवरचा संस्थानी काळातला झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा उघडला. दिवाळीच्या सुट्या होत्या. मोठ्यांना १७ रुपये, लहानांना १२ रुपये तिकीट. चारच दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, तो तुटला आणि १३५ माणसं गेली. त्यात लहान मुलं कितीतरी होती. पूल चालवायला दिला होता घड्याळं बनवणाऱ्या एका कंपनीला. तिने चालायची फळी नवी घातली, पण गंजलेल्या केबल तशाच ठेवल्या. फिटनेस प्रमाणपत्र नव्हतं. आता पहिल्या नऊ अटका पाहा. त्यात व्यवस्थापक आणि कंत्राटदार होते, पण तिकीट फाडणारे दोन कारकून आणि तीन सुरक्षारक्षकही होते. कंपनीचा प्रमुख न्यायालयात शरण आला तो थेट ३१ जानेवारी २०२३ ला. दोष उतरंडीने खाली कसा ढकलला जातो, हे आंबेडकरी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे गुजरातचंच आहे असंही नाही. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला, चार जण मेले. नव्या पुलाला पैसे मंजूर होते, पूल झाला नव्हता. तरी धोक्याचा फलक असताना गर्दी केलीच कशाला, हा जाब आधी लोकांनाच विचारला गेला. फलक लावून जबाबदारी संपते काय?

दुसरीकडे, ज्या पुलांना पैसा कमी पडत नाही ते बघा. अटल सेतूवर पायी चालणाऱ्याला, दुचाकीला, ऑटोला बंदी. आपल्या नागपुरात इंदोऱ्यापासून दिघोरीपर्यंत उड्डाणपुलाचं काम निघालं. गाड्या वरून जातील. दिघोरी चौकात रस्ता ओलांडणाऱ्या आजीचं काय, हे मात्र खालीच राहतं. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हुडकेश्वर रोडवरून लहान मूल हाताशी धरून एकदा चालून बघा, म्हणजे त्या निकालाची गरज कळते.

म्हणून तरुणांना आमचं सांगणं, पुलावर जरूर जा, घरच्या म्हाताऱ्यांनाही न्या. पण आपल्या भागातल्या प्रत्येक पादचारी पुलाबद्दल माहिती अधिकारात विचारा. एका वेळी किती माणसांची क्षमता आहे? स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं, कुणी केलं? देखभालीचं कंत्राट कुणाकडे आहे? उद्घाटनाच्या दगडावर मंत्र्यांची नावं कोरतात, त्याच दगडाशेजारी ही उत्तरंही लिहायला लावा. वस्तीतल्या बुद्ध विहारात रविवारी बसून चार जणांनी मिळून अर्ज लिहिला तरी पुरे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील टाका.