सायकलीसोबतचा पंप



दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मग आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेला जाणारी पोरं एवढीच मागं उरतात. अशा घरात पोरीची सायकल वाटेत बसली, तर हवा कोणी भरायची? पंक्चरवाला तालुक्याच्या रस्त्यावर, आणि बाप ऊस तोडायला दोन जिल्हे पलीकडं. म्हणून आज सायकलीसोबत न्यायच्या पंपाबद्दल लिहितो. विषय लहान दिसतो, पण माझ्याच हातून त्यात मोठी चूक झाली होती.

माझ्या बहिणीची नात पाटोदा तालुक्यात एका वस्तीवर आजीपाशी राहते. नववीला आहे, शाळा चार किलोमीटरवर. गेल्या वर्षी मी शहरात गेलो होतो, तेव्हा तिच्यासाठी वीतभर लांबीचा एक चकचकीत पंप आणला. दप्तरात मावतो, वजनाला हलका. मी मोठ्या कौतुकानं दिला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "आजोबा, तुमचा पंप बसतच नाही." सराटा रुतून चाक बसलं होतं. पोर दोन किलोमीटर सायकल ढकलत घरी आली. आजीनं सायकल भिंतीला लावली आणि म्हणाली, "राहू दे आता शाळा, रस्त्यात एकटी पोर." तीन दिवस पोर घरी बसली. आईबाप घरी असते तर गोष्ट एका दिवसात मिटली असती.

दोष पंपाचा नव्हता. मी वॉल न बघता पंप घेतला होता. आपल्याकडच्या काळ्या सायकलीला पितळी दांडीचा जुना वॉल असतो. आत बारीक दांडीवर रबराची वालट्यूब चढवलेली असते. गिअरच्या किंवा जाड टायरच्या नव्या सायकलींना बहुधा मोटारसायकलसारखा जाड वॉल असतो. तिसरा वॉल पेन्सिलीपेक्षा बारीक, शर्यतीच्या सायकलीचा. तो आपल्या गावात क्वचितच दिसेल. जाड वॉलचा पंप जुन्या वॉलवर बसत नाही. मधे लावायचा छोटा पितळी जोड मिळतो, पण तो शेंगदाण्याएवढा. आज आहे, उद्या मातीत. त्यापेक्षा आपल्या वॉलवर थेट बसणाराच पंप घ्यावा.

आता लांबीचं बघू. काळ्या सायकलीच्या 28 इंची चाकात साधारण अडीच लिटर जागा असते. 45 पौंड हवा भरायची तर बाहेरची जवळजवळ साडेसात लिटर हवा आत कोंबावी लागते. पंपाचं नळकांडं आतून 2 सेंटिमीटर रुंद आणि दट्ट्याची चाल 12 सेंटिमीटर असली, तर एका दाबात 38 घन सेंटिमीटर हवा जाते. हिशेबानं 200 दाब झाले. थोडी हवा पंपातच उरते, थोडी तोंडाशी निसटते, म्हणून खरे त्याहून जास्तच. तेवढ्याच रुंदीच्या लांब पंपाची चाल 35 सेंटिमीटर धरा. तिथं हिशेबानं 70च्या आत काम होतं, प्रत्यक्षात 90 धरावे. उन्हात, वाटेच्या कडेला, शाळेची घंटा व्हायच्या बेतात असताना 90 आणि 200 यांत किती फरक पडतो, ते ज्याला भरायची आहे त्यालाच विचारा.

कोणी म्हणेल, मग जाडजूड पंपच घ्यावा, दोन-चार दाबांत चाक टणक. इथंच मेख आहे. 45 पौंडांना 2 सेंटिमीटरचा दट्ट्या दाबायला शेवटी शेवटी 10 किलोचा जोर लागतो. 3 सेंटिमीटरचा असेल तर 22 किलोचा. उभ्यानं, पायानं पट्टी दाबून, अंगाचा भार टाकून तो जमतो. म्हणून घरच्या ओसरीत मोठा पंप चांगला. रस्त्यात नुसत्या हातांनी तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला तो जमायचा नाही. सोबतीचा पंप बारीक आणि लांब असावा.

पण लांब पंप बांधायचा कुठं? पुरुषी सायकलीला आडवी दांडी असते, तिच्याखाली बसतो. लेडीज सायकलीला ती दांडी नसते. तिथं सीटखालच्या उभ्या नळीला किंवा तिरप्या नळीला बांधता येतो; पायडल मारताना गुडघ्याला लागत नाही ना, हे मात्र बघावं. मडगार्डावर बांधू नये, खड्ड्यांत आठ दिवसांत निसटतो. बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी सगळ्यांत उत्तम.

दुकानात सायकल घेऊनच जा. पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दट्ट्या लोटा. तो मधेच अडून परत उसळी मारत असेल तर वायसर चांगला. सरळ तळाला गेला तर तो पंप खाली ठेवा, दुकानदार काहीही सांगो. मग चाकाची सगळी हवा सोडून, ज्याला वापरायचा आहे त्याच्याच हातानं भरून घ्या. भरताना नळकांडं तापतं. हवा दाबली की तापतेच, त्यात बिघाड नाही.

फोनसारखा चार्ज करायचा विजेचा पंपही आता मिळतो. चांगला आहे, पण वस्तीवर वीज नसली आणि तो चार्ज करायचा राहिला, तर दप्तरात नुसता दगड. एकदाच वापरायच्या गॅसच्या कुप्या तर आपल्या कामाच्याच नाहीत. सराट्याच्या वाटेवर रोज एक कुपी कुठून आणायची?

ज्यांनी पाठीवरचा फवारणी पंप सांभाळला आहे, त्यांना वायसरचं वेगळं सांगायला नको. सायकल पंपाचा वायसर चामड्याचा असेल तर उन्हाळ्यात सुकून आक्रसतो. दट्ट्या बाहेर काढून चामड्याला दोन थेंब तेल चोळावं आणि कडा बोटांनी जरा फाकवाव्यात. पुष्कळांनी फेकून दिलेले पंप एवढ्यानं चालू होतात.

आणखी एक. सराटा किंवा बाभळीचा काटा रुतला आणि हवा हळूहळू जात असेल, तर वाटेत काटा उपसू नका. भोकात तोच बुचासारखा बसलेला असतो. हवा भरा, शाळा गाठा, थांबावं लागलं तर पुन्हा भरा. काटा घरी काढावा. जिथं निघाला तिथं खडूची खूण करावी, म्हणजे ट्यूबवर भोक शोधायला परातभर पाणी लागत नाही. चाक फस्सकन बसलं तर मात्र आधी वालट्यूब बघावी. पुष्कळदा टायर-ट्यूब धड असतात आणि तेवढंच रबर फाटलेलं असतं.

चौथ्या दिवशी मी वस्तीवर गेलो आणि पोरीला सायकलीसकट तालुक्याच्या दुकानात नेलं. तिथं तिनं स्वतः हवा भरली. मोजत होती, 86 दाब झाले, मग चाक अंगठ्यानं दाबून म्हणाली, "झालं." आजी तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच सायकल भिंतीपासून काढून अंगणात लावली. पंप आता सीटखालच्या नळीला आहे, आणि कंपासपेटीत कर्कटकाशेजारी बोटभर वालट्यूबचा तुकडा.